छरा, गोफण आणि तिरकी धाव

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत साचा फोडून कास्टिंग बाहेर काढलं की त्याच्या अंगाला वाळू चिकटलेली असते. ती काढायला शॉट ब्लास्टिंगचं यंत्र वापरतात. बंद पेटीत चाक गरगर फिरतं. चाकाच्या मध्याशी पोलादाचे बारीक छरे पडतात, पात्यावरून सरकत टोकाला येतात आणि तिथून सुसाट सुटतात. मध्याशी जेमतेम हलणारा छरा टोकाशी एवढा वेगवान होतो, कारण फिरणाऱ्या वस्तूवर मध्यापासून जितकं लांब जावं तितका वेग वाढतो. जोंधळ्याच्या शेतात पाखरं हाकलणारी गोफणही याच नियमावर चालते. आणि पंचगंगेपलीकडे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सुटणारी फुटबॉलची जोरदार किकसुद्धा.

किकचं बळ पायाच्या बोटांत नसतं, ते कमरेतून येतं. खेळाडू टेकूचा पाय चेंडूशेजारी साधारण वीतभर अंतरावर रोवतो. मग कंबर वळते, मांडी पुढे येते, पण गुडघा अजून दुमडलेलाच असतो. मांडीचा वेग कमी होऊ लागला की तिने कमावलेली गती नडगीकडे जाते आणि नडगी झटक्यात उलगडते. चांगल्या खेळाडूचं पाऊल चेंडूला भिडतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास असतो. चेंडू सुटतो तो त्याहून वेगाने, सेकंदाला २५ मीटर किंवा जास्त. कारण पाय जड असतो, तर हवेने ताठ भरलेला चेंडू अवघा ४१० ते ४५० ग्रॅमचा.

पाऊल आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग. तेवढ्यात चेंडूला सेकंदाला २५ मीटरचा वेग द्यायचा, तर सरासरी १,००० न्यूटनहून अधिक बल लागतं, म्हणजे क्विंटलभर ओझ्याच्या भाराइतकं. अशा वेळी घोटा ढिला राहिला तर दांडा हललेल्या हातोड्यासारखी गत होते. घाव बसतो, पण जोर वाया जातो.

चेंडूकडे सरळ न येता बाजूने तिरकं धावत येऊन मारलेल्या किकने अमेरिकेतला एक खेळ बदलला. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट चेंडू हातात घेऊन धावतात, पण एक खेळाडू खास किक मारण्यासाठी असतो. जमिनीपासून सुमारे तीन मीटर उंच आडव्या दांड्यावरून, दोन खांबांच्या मधून चेंडू धाडला की तीन गुण मिळतात. १९६०च्या आसपास हे किकर चेंडूच्या मागून सरळ धावत येत आणि बुटाच्या टोकाने ठोकर मारत.

पीट गोगोलाक १९४२ साली बुडापेस्टमध्ये जन्मला आणि आपल्यासारखा गोल चेंडूनेच खेळत वाढला. १९५६चा हंगेरीतला उठाव चिरडला गेला, कुटुंबाने देश सोडला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ऑग्डेन्सबर्ग गावी बस्तान बसवलं. शाळेत सॉकरचा, म्हणजे आपल्या फुटबॉलचा, संघ नव्हता, म्हणून तो अमेरिकन फुटबॉलकडे वळला. पायाला मात्र जुनीच सवय होती. बाजूने तिरकं धावत येऊन पावलाच्या वरच्या भागाने मारायचं. १९६१ ते १९६३ या काळात कॉर्नेल विद्यापीठाकडून खेळताना त्याने टचडाउननंतरच्या (म्हणजे चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडल्यानंतरच्या) जादा गुणाच्या ४४ किक ओळीने साधल्या. १९६४ साली बफेलो बिल्स संघाने त्याला घेतलं. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधला तो पहिला ‘सॉकर शैली’चा किकर. आज तिथले जवळजवळ सगळे किकर असंच मारतात.

तिरकं का मारायचं? सरळ धावताना कंबर फारशी वळत नाही. तिरकं आल्यावर ती वळते आणि पावलाला मोठा फेर मिळतो. दुसरं, बुटाचं टोक चेंडूला एका बिंदूत लागतं. ते केसभर सरकलं तरी चेंडू भरकटतो. पावलाच्या वरचा भाग रुंद आणि हाडांनी टणक असतो, म्हणून नेम टिकतो.

हे ज्ञान कोल्हापूरच्या पेठांत आणि तालमींत पिढ्यान् पिढ्या पायांतून पायांत गेलं आहे. कोल्हापुरात २००० साली जन्मलेला अनिकेत जाधव इथूनच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात होता. भारताचा पहिला सामना ६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेशीच झाला.

शिरोलीतल्या आईवडिलांना आणि प्रशिक्षकांना एक विनंती आहे. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांत गुडघ्याखाली, जिथे मांडीच्या स्नायूची कंडरा नडगीच्या हाडाला जोडलेली असते, तिथलं हाड अजून वाढत असतं. सतत जोरात किक मारल्याने तिथे सूज आणि दुखणं सुरू होऊ शकतं. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. म्हणून मुलांना ‘जोरात मार’ म्हणण्याआधी तिरकी धाव, टेकूचा पाय आणि ताठ घोटा शिकवा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये त्यांची किक त्यांनाच दाखवा. गुडघा दुखला तर खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. रीत बरोबर बसली की जोर वयाबरोबर येतो, पण दुखावलेल्या गुडघ्यावर रीतही बसत नाही.