ताटांवर नजर ठेवणारा माणूस

आम्ही जेवत असताना आमच्या गाइडची नजर आमच्या ताटांवर असते, हे मला घुन्सा गावात लक्षात आलं. डाळ-भात वाढून झाला की तो चुलीपाशी उभा राही. कोण पोटभर जेवलं, कोण भात नुसता चिवडत बसलंय, कोणी दुसऱ्यांदा मागून घेतला, सगळं तो टिपून ठेवी. आमची जेवणं आटोपली की मगच तो आणि पोर्टर बसत. आम्ही त्याला दाइ म्हणायचो, म्हणजे मोठा भाऊ.

पुण्या-नाशिकचे आम्ही आठ जण नेपाळच्या अगदी पूर्व टोकाला, ताप्लेजुंग जिल्ह्यात चालत होतो. जायचं होतं पांगपेमाला, कांचनजंगाच्या उत्तर बेस कॅम्पला. 8586 मीटर उंचीचं हे जगातलं तिसरं शिखर मराठी गिर्यारोहकांना जवळचं आहे. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा जण मे 2019 मध्ये दक्षिणेच्या बाजूने माथ्यावर पोचले होते. आम्हाला शिखर गाठायचं नव्हतं. त्याच्या पायथ्याशी, 5143 मीटरवर जाऊन धडधाकट परतायचं, एवढंच.

पहिले काही दिवस वाट नदीच्या काठाने जाते. लिंबूंची गावं, ओलसर सावलीत वाढलेली मसाला वेलचीची झुडपं, झुलते पूल. पुढे दरी अरुंद होत जाते आणि घुन्साजवळ लार्चची झाडं भेटतात. ऑक्टोबरात त्यांच्या सुया पिवळ्याधमक होतात. इथून वरची घरं, गोम्पा, बोली, सगळ्यावर तिबेटची छाया आहे.

आणि इथूनच दाइचं खरं काम सुरू झालं.

आम्ही सह्याद्रीत वाढलेली माणसं. ज्याचे पाय चांगले तो पुढे, हाच आमचा हिशेब. पण आमचं कळसूबाई 1646 मीटरचं. तिथे दम लागतो तो चढामुळे. तीन हजार मीटरच्या वर गोष्ट वेगळी होते. हवेत प्राणवायूचं प्रमाण तेवढंच, एकवीस टक्के. पण हवेचा दाब उतरलेला. पांगपेमाला प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा प्राणवायू मिळतो. शरीर त्यावर उपाय शोधतं. श्वास वाढवतं, नाडी वाढवतं, रक्त घट्ट करतं. मात्र त्याला दिवस लागतात आणि ते दिवस पायांच्या ताकदीवर विकत घेता येत नाहीत. उलट दणकट माणूस भराभर चढतो आणि शरीराला सवड न मिळाल्यामुळे नेमका तोच आडवा होतो.

म्हणून दाइ सगळ्यांच्या पुढे, आणि त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. त्याची चाल इतकी संथ की पहिल्या तासाला चीड यायची. टाच टेकवायची, श्वास सोडायचा, मग पुढचं पाऊल. "बिस्तारै, बिस्तारै," एवढंच म्हणायचा. सावकाश. त्याचा मदतनीस सगळ्यांत मागे, आणि दोघांच्या मध्ये आम्ही.

पोर्टर मात्र आपल्या लयीत चालत. पाठीवर डोको, म्हणजे विणलेली टोपली, तिच्यात आमच्या दोन-दोन सॅका, आणि नाम्लोचा रुंद पट्टा कपाळावर. मान ताठ, ओझं कण्यावर. हातातली टी आकाराची बुटकी काठी म्हणजे तोक्मा. दम खायचा तर डोको खाली उतरवायचा नाही. तोक्मा मागे डोकोखाली टेकवायचा आणि उभ्यानेच भार त्याच्यावर सोडायचा. मग दातांमधून लांब शीळ घातल्यासारखा श्वास बाहेर. एकदा उतरवलेलं ओझं पुन्हा उचलण्यातच जास्त ताकद जाते, असं एकाने सांगितलं.

घुन्सात आम्ही एक दिवस जास्त राहिलो, खांबाचेनलाही एक. चार हजार मीटरच्या वरच्या या वस्तीसमोर 7710 मीटर उंच कुंभकर्ण शिखराची उत्तर भिंत उभी आहे. त्या मुक्कामी विश्रांती म्हणजे लोळणं नव्हे. सकाळी तीनेकशे मीटर चढायचं, वर तासभर बसायचं, झोपायला खाली यायचं. रोज संध्याकाळी दाइ बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे वहीत मांडायचा. आकड्यापेक्षा त्याचा भर प्रश्नांवर होता. डोकं दुखतंय? झोप लागली? लघवीला किती वेळा गेलास? संकोच वाटायचा, पण तो लाजू देत नसे.

ल्होनाकला, 4780 मीटरवर, आमच्यातल्या सगळ्यांत तगड्या गड्याने ताट पुढे सरकवलं. "भूक नाही, दमलोय फक्त." डोकं दुखत नाही असंही त्याने ठासून सांगितलं. दाइ काही बोलला नाही. त्याने त्याला अंगणात नेलं, बॅटरीच्या उजेडात मातीवर काठीने सरळ रेघ ओढली आणि एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला आमचा मित्र डावीकडे झुकला. पुन्हा चालला, पुन्हा झुकला. रायगडाची वाट झोपेतही चढेल असा हा माणूस. माझ्या पोटात गोळा आला. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते.

"नीचे जाना है. अभी," दाइ म्हणाला.

"सकाळी बघू," मित्र म्हणाला.

"सुबह नहीं. अभी."

तेवढंच, आवाज न चढवता. रात्री हेलिकॉप्टर येत नाही. दिवसा येईल का, ते ढग ठरवतात. सप्टेंबर 2006 मध्ये याच घुन्साजवळ हेलिकॉप्टर कोसळून 24 जण गेले. कांचनजंगा संवर्धन क्षेत्र स्थानिकांच्या हाती सोपवण्याचा सोहळा उरकून ते परतत होते. इथे पहिला भरवसा पायांवर, आणि या दुखण्यावर पहिलं औषध म्हणजे उतरणं. दाइने त्याला गोळी दिली, मदतनीस आणि एक पोर्टर सोबत दिले. तीन बॅटऱ्यांचे ठिपके हिमनदीच्या कडेने लांब जाताना आम्ही गारठ्यात उभं राहून पाहिले. दाइ ते दिसेनासे झाल्यावरही तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सात जण पांगपेमाला पोचलो. वाळकं गवत, पताका, आणि समोर कांचनजंगाची बर्फाने लगडलेली उत्तर बाजू, मान मागे टाकावी तेव्हा संपणारी. माझे डोळे भरून आले. तासाभराने दाइ उठला, आम्हीही उठलो. थोडा वेळ आणखी मागावा असं कुणालाच वाटलं नाही. झोप ल्होनाकलाच घ्यायची होती, आणि मन खांबाचेनला लागलं होतं.

सह्याद्रीने मला चढायला शिकवलं. कधी थांबायचं आणि कधी मागे फिरायचं, हे ठरवणं ही चढण्याइतकीच मोठी विद्या आहे, हे मात्र मी या माणसाकडे पाहून शिकलो. आम्ही पैसे मोजले ते आपल्याला वर नेण्याचे, अशी आमची समजूत होती. त्याने आपली जबाबदारी ओळखली होती ती खाली आणण्याची.

परतीला खांबाचेनच्या स्वयंपाकघरात आमचा मित्र चुलीशेजारी बसला होता, चेहऱ्यावर रंग आलेला. त्याने डाळ-भात दुसऱ्यांदा मागून घेतला. दाइने त्याचं ताट रिकामं होईपर्यंत पाहिलं. मग त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्या पंगतीत येऊन बसला आणि स्वतःचं ताट ओढून घेतलं.