‘पेट्रिकोर’ : दगडाचा जीवनरस?

वळवाची पहिली सर तापलेल्या जमिनीवर पडली की जो वास सुटतो, त्याला मराठीत ‘मृद्गंध’ असा नेमका शब्द आहे. इंग्रजीत मात्र शास्त्रज्ञ बराच काळ ‘आर्जिलेशिअस ओडर’, म्हणजे चिकणमातीचा वास, असे म्हणून वेळ भागवत.

इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांना हे नाव खटकले. हा वास फक्त चिकणमातीला येत नाही; अनेक प्रकारचे कोरडे, तापलेले खडक ओले केले तरी येतो. अशा खडकांतून वाफेच्या साहाय्याने त्यांनी पिवळसर तेल वेगळे केले. ‘पेट्रा’ म्हणजे खडक आणि ‘इकोर’ म्हणजे ग्रीक पुराणकथांतील देवांच्या धमन्यांतून वाहणारा रस. या दोन ग्रीक शब्दांपासून त्यांनी १९६४ साली ‘नेचर’मधील निबंधात ‘पेट्रिकोर’ हा शब्द घडवला. उत्तर प्रदेशातील कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा हाच गंध चंदनतेलात उतरवतात, याचीही त्यांनी तेथे दखल घेतली. शब्द नवा असला तरी हे तंत्र जुनेच होते.

पण नव्या नावातही एक फसगत आहे. हे तेल खडकाचे स्वतःचे नव्हे. वनस्पती वगैरेंपासून हवेत आलेली सेंद्रिय द्रव्ये कोरड्या दिवसांत खडकांच्या आणि मातीच्या सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवली जातात. पाणी आत शिरले की ती बाहेर पडतात.

या वासाचा आणखी एक वाटेकरी आहे. मातीतील स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू ‘जिओस्मिन’ नावाचे संयुग तयार करतात. बीटाला येणारा मातकट वास याच संयुगाचा. हे नाव १९६५ सालचे. त्यामुळे ‘पेट्रिकोर म्हणजेच जिओस्मिन’ हे अनेकदा वाचायला मिळणारे विधान बरोबर नाही.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एकाच मडक्याची दोन खापरे चांगली तापवून निववा. एक काही आठवडे अंगणात उन्हात ठेवा, दुसरे घट्ट झाकणाच्या डब्यात. मग दोन्हींवर थोडे पाणी शिंपडून मुलांना डोळे मिटून हुंगू द्या. वासात फरक पडतो का, आणि पडला तर वास खापराचा की खापराने हवेतून घेतलेल्या द्रव्यांचा, हे त्यांनाच ठरवू द्या. नाव कळले म्हणजे कारण कळले असे नाही, हे त्यांच्या सहज ध्यानात येईल.