आंब्याची मोठी फोड कुणाची?

आज कार्टूनवर बोलायचं आहे. हसू नका! लेकरांचं खूळ म्हणून आपण कार्टूनकडे बघत नाही. टीव्ही त्यांच्या ताब्यात देऊन आपण भाकरी थापायला जातो. पण एक कार्टून असं आहे, की ते लेकरांइतकंच ताट वाढणाऱ्या बाईसाठी काढलेलं आहे. त्याचं नाव ‘मीना’.

शाळेत जाणाऱ्या लेकीच्या तोंडून ‘मीना राजू मंच’ हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. ती मीना हीच. १९९१ ते २००० ही दहा वर्षं सार्क देशांनी मुलींचं दशक म्हणून ठरवली होती. त्याच काळात युनिसेफनं ही मालिका करून घेतली. दिग्दर्शक होते राम मोहन, आपल्या देशातल्या कार्टूनपटांचे जाणते कलावंत. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, सगळीकडच्या बायांना आपली वाटेल अशी मुलगी त्यांना हवी होती. म्हणून गावोगावी लोकांना विचारून तिचं रूप ठरवलं. नावही असं, की हिंदूच्या घरात चालतं आणि मुसलमानाच्या घरातही.

घर आपल्यासारखंच. आई, बाबा, आजी, मीना, तिचा भाऊ राजू, तान्ही राणी. आणि मिठू नावाचा पोपट, जो मध्येच बोलून सगळ्यांना हसवतो.

आता एक भाग सांगते. घरात आंबा येतो. वाटणी होते आणि मोठी फोड राजूला मिळते. जेवायला बसल्यावरही तेच, राजूच्या ताटात जास्त. मीना विचारते, असं का? उत्तर मिळतं, तो मुलगा आहे, त्याला काम जास्त. मग भावंडं ठरवतात, एक दिवस कामांची अदलाबदल करायची. मीना गाय राखायला जाते. राजूच्या वाट्याला येतं पाणी, झाडलोट, कोंबड्या, धाकट्या बहिणीला सांभाळणं. एक काम संपत नाही तोवर दुसरं हजर. पोरगं दमून जातं. बघणारा पोट धरून हसतो. आणि जेवणाच्या वेळी वाट्याचीही अदलाबदल होते! दिवसभर राबलेल्या राजूसमोर मीनाचा लहान वाटा येतो. मग घरातली मोठी माणसं विचारात पडतात.

हे मनाला का लागतं, ते जरा उकलून बघू. पहिली गोष्ट, या घरात कुणी वाईट नाही. आई मीनावर माया करते. आजीही करते. आजीच्या लहानपणी तिलाही लहानच फोड मिळाली असणार, आणि तिनं तोच रिवाज पुढे चालवला. गोष्टीत आईला दुष्ट दाखवलं असतं, तर बघणारी बाई लगेच म्हणाली असती, “मी काही अशी नाही गं बाई,” आणि गोष्ट तिथंच संपली असती. इथं ती आईत स्वतःला ओळखते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. भूक लागते ती राजूला. मीना तर रोजच अर्धपोटी उठते, पण ते कुणाला दिसत नाही, कारण त्याची सगळ्यांना सवय झालेली असते. लाडक्या लेकाच्या पोटात भूक दिसली, की आईचा जीव तुटतो. आणि मग तिच्या ध्यानात येतं, की हेच ताट रोज लेकीसमोर होतं. यावर भाषण कुणी देत नाही.

आपल्याला ही रीत नवी नाही. आपल्या गंगाखेडची जनाबाई घ्या. विठ्ठल तिच्याबरोबर जात्यावर बसतो, तिची कामं करतो, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. देवानं खुंटा हातात धरला, तेव्हा दळणाचे कष्ट सगळ्यांना दिसले. राजूनं हंडा उचलला, तेव्हा मीनाचे दिसले.

हसण्याचंही काम आहे इथं. मिठू मध्येच काहीतरी बोलतो, आपण हसतो, आणि ताण सैल होतो. सैल झालेल्या मनात पुढची गोष्ट शिरते. नुसतं रडवलं, तर माणूस डोळे पुसून उठून जातो.

दुसऱ्या एका भागात मीनाला शाळेत जाऊ देत नाहीत. मग ती मिठूला शाळेत पाठवते. तो पाढे ऐकून येतो आणि तिला शिकवतो. मीना कोंबड्या मोजू लागते. एक दिवस एक कोंबडी कमी भरते, चोर सापडतो आणि बाप लेकीला शाळेत घालतो.

गोष्ट गोड आहे, पण इथं माझं थोडं भांडण आहे. मीनाला शाळा मिळते, कारण तिनं कोंबडी वाचवली. आंब्याचा वाटा मिळतो, कारण ती राजूएवढीच राबते. आणि जी लेक चोर पकडणार नाही, तिचं काय? जी आजारी आहे, अंथरुणावर आहे, तिला अर्धीच भाकर का? राजूला कधी काही सिद्ध करावं लागलं होतं का? तो जन्मला, एवढं पुरलं. ही शंका कार्टूनमध्ये कुणी काढत नाही, ती आपण काढायला हवी. आपल्या जिल्ह्यात तर नक्कीच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या बायांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे दोघींत जवळपास एक. त्यांतल्या कितीतरी हुशार असतील, हिशोबाला पक्क्या असतील, पण घरात कोंबडी चोरीला गेली नाही, म्हणून ते कुणाला कळलंच नाही.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत आंब्याची गोष्ट करून बघा. मोबाईल नसला तरी चालेल, तोंडी सांगा. राजूसमोर ताट येतं तिथं थांबा आणि विचारा, आता आई काय करेल? लगेच उत्तर नाही आलं तरी गप्प राहा, दोन मिनिटं जाऊ द्या. एखादी आपल्या माहेरचं सांगू लागली, तर तिला मध्ये तोडू नका आणि तिनं सांगितलेलं गावभर करू नका. आजीचं काम बैठकीतल्या एखाद्या सासूबाईंनाच द्या. आजीची बाजू त्या आपल्यापेक्षा चांगली मांडतील. राजूचं काम एखाद्या खऱ्याखुऱ्या पोराला द्या, आणि कामं खोटी नकोत. हंडा भरलेला असू द्या. मिठू मात्र गटातली सगळ्यांत खोडकर बाई होऊ द्या.