विचारणाऱ्याला उत्तर देताना

गझल लिहू लागलेली मुले मला मोबाइलवर शेर पाठवतात. खाली प्रश्न ठरलेला, 'सर, बरोबर आहे का?' दोन वर्षांपूर्वी एका मुलाने जरा वेगळे विचारले, 'मात्रा जुळतात, तरी लोक शेर चुकला म्हणतात. का?' मी घाईत होतो. 'आधी बाराखडी वाच,' एवढे लिहिले आणि मोकळा झालो.

बाराखडी म्हणजे सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी'. भटसाहेब ती नवोदितांना टपालाने पाठवीत. मी नुसते नाव फेकले.

प्रश्न खरे तर चांगला होता. त्याने मतल्यात 'जगणे' आणि 'बघणे' हे काफिये घेतले होते, पुढच्या शेरात 'गाणे'. मोजून पाहा, तिन्हींच्या मात्रा चारच. शेवटचा 'णे'सुद्धा तोच. मग बिघडले कुठे? 'णे'च्या आधीचा स्वर पाहा. 'जगणे', 'बघणे' यांत तो 'अ' आहे, 'गाणे'त 'आ'. या स्वराला अलामत म्हणतात. मतल्यात ती ठरली की शेवटच्या शेरापर्यंत पाळावी लागते. तिथे 'हसणे' चालले असते. हे सांगायला मला दोन मिनिटे लागली असती.

उस्तादाने शागिर्दाचा शेर तपासून देणे म्हणजे इस्लाह. गालिब ती पत्रांतूनही करीत. फारसीत लिहिणारे मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना त्यांनी लिहिलेली पत्रे प्रसिद्धच आहेत. एखादा शब्द का चालत नाही, हे ते समजावून सांगतात. नुसते 'चूक' म्हणायला उस्ताद कशाला हवा?

आता मी आधी विचारतो, बाबा, काय वाचलेस, कुठे अडलास? मग अडलेली एकच जागा दाखवतो. चार चुका एकदम दाखवल्या की माणूस वही मिटतो. शेर दुरुस्त करून मात्र देत नाही; जुने उस्ताद देत, त्यांचा अधिकार मोठा. दुसऱ्या कुणी नीट उत्तर दिले असेल तर आपण गप्प बसावे. आम्हा कवींना हेच सर्वांत जड जाते! आणि ठाऊक नसेल तर तसे सांगावे. पन्नाशीनंतर ते सोपे होते.

आमच्या अब्बांना कुणी पत्ता विचारला तर ते हात दाखवून थांबत नसत. चपला घालून कोपऱ्यापर्यंत जात. अम्मी चिडायची, जेवण निवतंय म्हणून.

गेल्या वर्षी तो मुलगा एका मुशायऱ्यात भेटला. श्रोत्यांत बसला होता. 'लिहितोस ना?' मी विचारले. 'नाही सर, सोडलं ते.' त्याला चहाला नेले. निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर 'जगणे', 'बघणे', 'गाणे' लिहिले आणि स्वरांखाली रेघा ओढल्या. तो पाहत राहिला. 'एवढंच होतं?' म्हणाला. कागद घडी करून त्याने खिशात घातला.

अजून त्याचा शेर आलेला नाही.