तुमच्या श्रेडरमध्ये आहे काळं सोनं!

मंथ एंड आला की ऑफिसातला श्रेडर घरघरायला लागतो. जुनी कोटेशन्स, सॅलरी स्लिप्स, ग्राहकांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स... सगळ्यांचे कपटे! बारीक कापल्यावर कागदाचे तंतू तुटतात, म्हणून रद्दीत त्याला फारसा भाव नाही. मग जळगाव असो की धुळे, ती पिशवी कचऱ्यात जाते, नाहीतर मागच्या आवारात तिला काडी लागते. खरं तर २०१६ च्या घनकचरा नियमांनीच कचरा जाळायला मनाई केली. त्यापेक्षा त्याचं खत करा ना!

जोडी जमते कशी?

नुसता ओला कचरा साठवला की पाणी सुटतं, वास मारतो. भाजीचे देठ, चहाचा चोथा यांत नायट्रोजन असतो. कागदात कार्बन भरपूर, नायट्रोजन जवळपास नाहीच. खत करणाऱ्या जिवाणूंना साधारण ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन लागतो. म्हणून ही जोडी मस्त जमते. शिवाय केळीच्या साली? जळगावकरांना त्यांची काय कमी!

करायचं काय?

भोकं पाडलेली बादली घ्या. एक वाटी ओला कचरा, दोन वाट्या कपटे, वर मूठभर जुनं खत किंवा माती. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. आठवड्यातून एकदा हलवा. दोन-तीन महिन्यांत खत तयार. मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा बादली सावलीत ठेवा, सुकली की पाण्याचा हबका मारा.

हे मात्र नको!

एटीएम स्लिप आणि दुकानातली गुळगुळीत बिलं (त्या थर्मल कागदात बीपीएसारखी रसायनं असतात), लॅमिनेशन, चकचकीत ब्रोशर, गडद रंगीत प्रिंट, स्टेपल पिना. कपटे थेट कुंडीच्या मातीत मिसळू नका. कुजताना ते मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि पानं पिवळी पडतात. आणि कोरा, सलग कागद? तो रद्दीतच द्या.

ऑफिसात हे जमेल? मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये किचनच्या कचऱ्यावर बाग फुलवायला सुरुवात केली. तुमच्याकडे तर कपटेही आहेत! साहेबांना विचारा, पँट्रीमागे एक बादली ठेवा. ग्राहकांची गुपितंही सुरक्षित. वांग्याच्या मुळाशी गेलेला पॅन नंबर कोण वाचणार?