भरतीची वाट आणि कांदळवनांचे पुनरुज्जीवन

उजाड झालेल्या खाजणात रोपे लावली की कांदळवन पुन्हा उभे राहते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तमिळनाडूतील पिचावरम येथील अनुभव या समजुतीस छेद देतो.

वेल्लार व कोळ्ळिडम या नद्यांच्या मुखांमधील या वनात १९३५ ते १९७० या काळात कूपवार सरसकट तोड होत असे. तोडलेल्या कित्येक कूपांत वन पुन्हा वाढले नाही. छाया नाहीशी झाल्यामुळे चिखलातील ओल उडून गेली, जमीन खचली आणि तिला द्रोणासारखा खोलगटपणा आला. भरतीचे पाणी आत शिरे. परंतु ओहोटीबरोबर ते परत जात नसे. साचलेले पाणी उन्हात आटे व मीठ मागे राही. अखेरीस क्षारता इतकी वाढली की, तिवरासारख्या काटक वृक्षाचे बीही तेथे तग धरीना.

रोगाचे मूळ अशा रीतीने जलसंचारात आढळल्यावर उपायही तेथेच योजण्यात आला. १९९० नंतरच्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान व तमिळनाडू वनखाते यांनी स्थानिक ग्रामस्थांच्या साहाय्याने नैसर्गिक खाडीस जोडणारे मुख्य कालवे आणि त्यांना तिरपे मिळणारे उपकालवे खोदले. ही रचना माशाच्या काट्यासारखी दिसते. पाण्याची ये-जा सुरू होऊन क्षारता उतरली आणि कालव्यांच्या काठी लावलेले तिवर रुजले. १९८६ ते २००२ या अवधीत वनाच्छादित क्षेत्र सुमारे ९० टक्क्यांनी वाढल्याचे उपग्रहचित्रांच्या अभ्यासातून दिसून आले.

वातावरणाच्या दृष्टीनेही या क्रमास महत्त्व आहे. पाण्याने संपृक्त चिखलात प्राणवायू अत्यल्प असल्याने मुळे व पाने यांचे विघटन मंदावते आणि त्यांतील कार्बन दीर्घकाळ जमिनीत साठून राहतो. वन मेले की हा संचय थांबतो. चिखल उघडा पडून सुकला, तर साठलेला कार्बनही पुन्हा हवेत जातो. त्याच मुळांच्या आश्रयाने कोळंबी व मासे वाढतात आणि ती हातांनी चाचपून पकडणाऱ्या इरुळ कुटुंबांची उपजीविका चालते.

मात्र कालवे गाळाने भरतात, आणि गाळ उपसला नाही तर पूर्वस्थिती परत येऊ शकते. कांदळवनाच्या योजनेत लावलेल्या रोपांची संख्या सहज नोंदली जाते. पाण्याच्या वाटेची देखभाल कोणी व किती वर्षे करावयाची, हे ठरविणे अधिक कठीण असते. योजनेचे यश मात्र त्यावरच अवलंबून राहते.