उत्तर काढू नका, माहिती पुरते का ते सांगा!



संध्याकाळची धार काढून झाली, दूध डेअरीला घालून आले, की आज गावोगावच्या ओसरीवर एक चित्र हमखास दिसते. दिव्याखाली घरातला मुलगा किंवा मुलगी जाडजूड पुस्तक उघडून बसलेली असते. कोणी बँकेच्या परीक्षेची तयारी करतो, कोणी लोकसेवा आयोगाची. क्लासची फी कापसाच्या पट्टीतून गेलेली असते, पुस्तके सोयाबीनच्या पैशांतून आलेली असतात. आणि ती पोर मध्येच पेन्सिल खाली ठेवून म्हणते, "बाबा, गणित येते हो मला. पण हे असले प्रश्न आले की डोकेच चालत नाही."

हे 'असले प्रश्न' म्हणजे माहितीच्या पर्याप्ततेचे प्रश्न. मुले त्यांना 'डेटा सफिशियन्सी' म्हणतात. बँकांच्या अधिकारी परीक्षांत ते नेहमी विचारले जातात. संघ लोकसेवा आयोगाने सन २०११ पासून पूर्वपरीक्षेला जो दुसरा पेपर ठेवला, त्याच्या अभ्यासक्रमात तर हा विषय नावानिशी दिलेला आहे. सन २०१५ पासून त्या पेपरात ३३ टक्के गुण मिळवावेच लागतात. तेवढे मिळाले नाहीत, तर पहिला पेपर कितीही चांगला गेलेला असो, तो जमेस धरत नाहीत. दोन-तीन वर्षांची मेहनत आणि घरच्यांनी काढलेला पोटाचा चिमटा, दोन्ही असे एका पेपरापाशी अडकतात. म्हणून हा विषय आपण सगळ्यांनीच समजून घेऊ. तो वाटतो तितका अवघड नाही.

प्रश्न कसा असतो?

एक प्रश्न देतात आणि त्याखाली दोन विधाने देतात. उत्तर किती, हे विचारतच नाहीत. या विधानांतून उत्तर मिळू शकते का, एवढेच विचारतात. पर्याय बहुधा असे असतात :

(अ) केवळ पहिले विधान पुरेसे आहे.
(ब) केवळ दुसरे विधान पुरेसे आहे.
(क) दोहोंपैकी कोणतेही एक पुरेसे आहे.
(ड) दोन्ही एकत्र घेतली तरी पुरत नाहीत.
(इ) दोन्ही एकत्र घेतली तरच पुरतात.

सगळ्याच परीक्षांत पर्यायांचा क्रम हाच असतो असे नाही. म्हणून वरची सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता आपल्या वावरातलेच उदाहरण घेऊ.

प्रश्न : एका आयताकृती शेताचे क्षेत्रफळ किती?
विधान १ : शेताची लांबी रुंदीच्या दुप्पट आहे.
विधान २ : चारही बाजूंच्या बांधाची एकूण लांबी ६०० मीटर आहे.

पहिले विधान एकटे घ्या. रुंदी ५० मीटर असेल तर लांबी १०० मीटर, आणि क्षेत्रफळ ५,००० चौरस मीटर. रुंदी १०० मीटर असेल तर लांबी २०० मीटर, आणि क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटर. एकाच विधानात दोन वेगळी उत्तरे बसली. म्हणजे ते पुरत नाही.

आता पहिले विधान बोटाने झाका आणि दुसरे एकटे घ्या. बांध ६०० मीटर. शेत २०० बाय १०० असू शकते, १८० बाय १२० सुद्धा असू शकते. पहिल्याचे क्षेत्रफळ २०,००० आणि दुसऱ्याचे २१,६०० चौरस मीटर. हेही विधान पुरत नाही.

आता दोन्ही एकत्र घ्या. लांबी दुप्पट आणि बांध ६०० मीटर, अशी जागा एकच निघते. म्हणून पर्याय (इ). इथेच पेन्सिल खाली ठेवायची. शेत दोन हेक्टरचे आहे, हे काढत बसण्याची गरज नाही. आपली हुशार पोरे नेमकी इथे फसतात. लहानपणापासून त्यांना उत्तर काढायचीच सवय असते. इथे उत्तर काढले तर जादा गुण मिळत नाही, वेळ मात्र जातो.

चार चकवे

पहिला चकवा झाकलेल्या विधानाचा. दुसरे विधान वाचताना पहिल्यातली माहिती डोक्यात रेंगाळते आणि नकळत वापरली जाते. म्हणून बोटाने झाकण्याची सवय लावावी. ती पोरकट वाटली तरी उपयोगी पडते.

दुसरा चकवा 'नाही' या उत्तराचा. समजा प्रश्न असा आहे : खुराड्यात ५० पेक्षा जास्त कोंबड्या आहेत का? विधान सांगते, कोंबड्या ४० किंवा त्याहून कमी आहेत. पुष्कळ मुले म्हणतात, विधान पुरत नाही. पण ते पुरते! उत्तर 'नाही' असे पक्के मिळाले. पक्के 'नाही' हेही उत्तरच आहे. याउलट, कोंबड्या ६० पेक्षा कमी आहेत असे सांगितले, तर त्या ५५ असतील किंवा २५ असतील. तिथे मात्र माहिती अपुरी.

तिसरा चकवा एकाच गोष्टीला दोनदा सांगण्याचा. टोमॅटोच्या एका क्रेटचे वजन किती? पहिले विधान : टोमॅटोचे ३ सारखे क्रेट आणि कांद्याच्या २ सारख्या गोण्या मिळून १६० किलो. दुसरे विधान : तसलेच ६ क्रेट आणि ४ गोण्या मिळून ३२० किलो. मुलांना शिकवलेले असते की दोन अज्ञात गोष्टी असल्या आणि दोन समीकरणे मिळाली, की काम झाले. पण नीट पाहा, दुसरे विधान म्हणजे पहिल्याचीच दुप्पट. नवीन काहीच कळले नाही. क्रेट २० किलोचा आणि गोणी ५० किलोची, हेही बसते. क्रेट ३० चा आणि गोणी ३५ ची, हेही बसते. दोन्ही विधाने एकत्र घेऊनही माहिती अपुरीच.

चौथा चकवा नात्यांचा, आणि इथे आपण मराठी माणसे जास्त फसतो. आपल्याकडे काका म्हटले की काका आणि मामा म्हटले की मामा. इंग्रजी प्रश्नपत्रिकेत मात्र सगळ्यांना मिळून 'अंकल' हा एकच शब्द. समजा विचारले : 'म' हा 'क' च्या आईचा भाऊ आहे का? विधान १ : 'म' हा 'क' चा अंकल आहे. विधान २ : 'क' च्या वडिलांना भाऊ-बहीण कोणीच नाही. लगेच वाटते, वडिलांकडचे कोणी नाही, म्हणजे हा मामाच! पण थांबा. मावशीचे यजमान राहिले ना! त्यांनाही इंग्रजीत अंकलच म्हणतात. म्हणून दोन्ही विधाने एकत्र घेऊनही उत्तर पक्के होत नाही. अशी नाती सोडवायला घरातल्या आजीएवढा चांगला शिक्षक दुसरा नाही.

अर्धे कळले तरी फायदा

या परीक्षांत चुकलेल्या उत्तराला गुण कापतात. बँकांच्या परीक्षेत त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग जातो, संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत एक तृतीयांश जातो. म्हणून अंदाजपंचे खूण करणे नुकसानीचे. पण एकाच विधानाचा निकाल लागला, तरी पर्याय गळतात. वर दिलेल्या क्रमात पहिले विधान एकटे पुरत असेल, तर उत्तर (अ) किंवा (क) यांपैकीच असते. ते पुरत नसेल, तर (अ) आणि (क) दोन्ही बाद होतात. रोपे विरळताना कमकुवत रोप आधी काढतो, तसेच हे.

विधान पुरत नाही असे वाटले, तर त्यात बसणारे दोन वेगळे दाखले शोधावेत. त्यांची उत्तरे वेगवेगळी आली, तर विधान अपुरे. वर शेताच्या आणि क्रेटच्या उदाहरणांत आपण हेच केले.

आईबापांनी काय करावे?

तुम्ही म्हणाल, आमचे शिक्षण ते किती, आम्ही काय मदत करणार? अहो, हा विचार तुम्ही रोजच करता. दुकानदाराने एखादे खत सुचवले की तुम्ही विचारता, "माती तपासल्याशिवाय किती टाकायचे ते कसे ठरवू?" आडत्याने भाव सांगितला की विचारता, "हमाली, तोलाई धरून की सोडून?" माहिती पुरते का, हे पारखणे म्हणजे हेच.

म्हणून रात्री जेवताना पोरांना असे प्रश्न घाला. दारात येऊन कोणी म्हणतो, "यंत्र घेऊन जा, हप्ता महिन्याला अवघा ५,००० रुपये." आपल्या खिशातून एकूण किती जाणार, हे सांगायला एवढी माहिती पुरते का? हप्ते ३६ असतील तर १ लाख ८० हजार, ६० असतील तर ३ लाख. आणि सुरुवातीला रोख किती भरायचे, ते वेगळेच. मुलीने ताटावर बसल्या बसल्या "बाबा, माहिती अपुरी आहे" असे म्हटले, तर समजा तिचा अभ्यास रुळावर आला.

परीक्षेत ती पास होईलच, असे आज कोणी सांगू शकत नाही. त्यासाठी लागणारी माहिती आपल्याजवळ नाही. पण कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी "आणखी काय कळायला हवे?" असे विचारणारे एक माणूस घरात तयार झाले, तर क्लासच्या फीचे काही पैसे तरी इथेच वसूल झाले म्हणायचे.